कारंजं, पूल आणि ‘चला की!’

चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची पद्धत मोठी निर्दय असते. तुम्हाला अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवतात, नाकावर ती जड चौकट चढवतात, एक भिंग घालतात, काढतात, दुसरं घालतात आणि विचारतात, “आता सांगा, हे बरं की हे बरं?” फरक काहीएक नसतो. तरी माणूस घाबरून काहीतरी ठोकून देतो. आपले चष्मेवाले गेली कित्येक वर्षं दिवसभर लोकांना हेच विचारत आले होते, आणि कुणी उत्तराला वेळ लावला की ‘साधी गोष्ट ठरवता येत नाही लोकांना’ असं मनातल्या मनात म्हणतही आले होते. त्याची फेड त्यांना याच जन्मी करावी लागली.

चष्मेवाल्यांची बायको मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. सगळी इमारत तिला मेट्रनबाई म्हणे. तिची नुसती नजर फिरली की वॉर्ड रिकामा होत असे. पेशंटच्या पलंगाभोवती गोळा झालेले मामा, मावश्या, साडू आणि सहज डोकावलेले शेजारी आपापले डबे उचलून जिन्याला लागत. घरी मात्र ही नजर चालत नसे, कारण घरातले मामा-मावश्या खुद्द चष्मेवाल्यांनी बोलावलेले असत. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासालासुद्धा या जोडप्याबरोबर चष्मेवाल्यांची आत्या होती. आत्या स्वभावानं वाईट नव्हती. खिडकीची जागा सोडली तर तिनं दुसरं काहीच मागितलं नाही. पण मधे आत्या बसली की नव्या नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं तरी काय?

तर लग्नाचा रौप्यमहोत्सव जवळ आला तेव्हा मेट्रनबाईंनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, “मला युरोपात जाऊन एखाद्या तळ्याकाठी आठ दिवस बसायचंय. रजा मंजूर झालीय. पैशांचंही बघून ठेवलंय. आणि आपण दोघंच.”

“दोघंच म्हणजे?” चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

“दोघंच म्हणजे तुम्ही आणि मी. आठ दिवस मला कुणी सिस्टर म्हणायचं नाही, वहिनी म्हणायचं नाही, मामी म्हणायचं नाही. तिसरं माणूस आलं तर मी येणार नाही. तुम्ही खुशाल त्या तिसऱ्या माणसाबरोबर जा.”

इंजेक्शन डाव्या दंडावर की उजव्या, हे सांगावं त्या आवाजात त्या बोलल्या. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. बायको रागानं बोलली तर तिचा राग घालवता येतो, पण ती असं शांतपणे बोलली की ते खरं असतं, एवढं त्यांना अनुभवानं कळत होतं.

“शहर कुठलं ते तुम्ही ठरवा,” जाता जाता मेट्रनबाई म्हणाल्या आणि ड्यूटीला गेल्या. हीच त्यांची चूक.

चष्मेवाले सहलवाल्याकडे गेले. सहलवाल्यानं त्यांच्यापुढे दोन रंगीत पत्रकं टाकली. दोन शहरं, दोन तळी. दोन्हींची नावं अशी की उच्चारायच्या आधी घोटभर पाणी प्यावं. म्हणून घरात एकाचं नाव पडलं कारंजं, कारण त्याच्या तळ्यात आभाळाला टेकेल असं कारंजं उडत होतं, आणि दुसऱ्याचं पूल, कारण तिथे पाण्यावर एक जुना लाकडी पूल होता, वर कौलारू छप्पर घातलेला. बाकी सगळं तेच. दोन्हीकडे बोटी, दोन्हीकडे मागे बर्फाचे डोंगर, दोन्हीकडे एकाच साच्यातून काढावेत असे राजहंस.

“दोन्हीत चांगलं कुठलं?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“दोन्ही चांगली,” सहलवाला म्हणाला. धंद्यात मुरलेला माणूस होता.

चष्मेवाल्यांनी पत्रकं दुकानात आणली. ती एकदा जवळ धरून पाहिली, एकदा लांब धरून पाहिली. मग त्यांनी तेच केलं जे न ठरवता येणारा माणूस करतो. त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली.

यंत्रावर हनुवटी टेकून बसलेले एक कर सल्लागार जबडा न हलवता म्हणाले, “पूल. कारंजं काय, गळका पाइपसुद्धा उडवतो.” गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी कारंज्याला मत दिलं, कारण पुलावर गाडी नेता येत नाही तर तो पूल कसला? एका बाईंची मुलगी तिकडे शिकत होती. त्या म्हणाल्या, दोन्हीकडे जाऊ नका, तिकडे कॉफीला फार पैसे घेतात. तक्ता वाचताना शेवटची ओळ ज्यांना कधीच दिसली नव्हती ते गृहस्थ परदेशातल्या शहरांबद्दल इतक्या खात्रीनं बोलत होते की चष्मेवाल्यांना त्यांचा हेवा वाटला. संध्याकाळपर्यंत पूल दोन मतांनी पुढे होता. सकाळी कारंज्यानं बरोबरी केली. इकडे आड तिकडे विहीर असं आपण म्हणतो. इथे इकडे तळं, तिकडेही तळं, आणि मधे चष्मेवाले.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ‘चला की’मुळे.

‘चला की’ म्हणजे काय, हे सांगणं भाग आहे. आपण कुठे निघालो हे समोरच्याला कळलं की तो म्हणतो, “वा, मजा आहे तुमची!” त्यावर आपण म्हणायचं, “चला की!” त्यावर त्यानं म्हणायचं, “छे छे, पुढच्या खेपेला,” आणि विषय संपतो. हे बोलावणं नव्हे, नुसती रीत आहे. पण रीत एकदाच म्हणण्यापुरती असते. ‘चला की’ दोनदा म्हटलं तर तो आग्रह होतो, आणि आग्रह मोडणं म्हणजे माणसाचा अपमान करणं. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

झालं असं, की ताईचा फोन आला. ताई म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. तिच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची, लाकडाची वखार होती. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे भाऊजी ती कुठल्या लाकडाची आहे या नजरेनं पाहत. पुलाचं नाव ऐकताच त्यांनी ताईच्या हातून फोन घेतला.

“शेकडो वर्षं पाण्यावर उभं राहिलेलं लाकूड! अरे, नशीब काढलंस! मधे जळालाही होता म्हणे तो पूल, पुन्हा बांधला. तू पुलालाच जा. मजा आहे बुवा तुमची!”

“चला की!” चष्मेवाले रीतीप्रमाणे म्हणाले.

आता भाऊजींनी “छे छे” म्हणायचं होतं. पण भाऊजी गप्प. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. अशी शांतता चष्मेवाल्यांना लहानपणापासून सोसत नसे. समोरचा गप्प झाला की त्यांना वाटे आपलंच काही चुकलं. त्यांनी ती शांतता हाताला सापडलं त्यानं बुजवली. “चला की, भाऊजी!”

“बरं,” भाऊजी म्हणाले. “येतो.”

चष्मेवाल्यांनी हळूच फोन ठेवला. मेट्रनबाईंना लगेच सांगावं असं त्यांनी ठरवलं, आणि कसं सांगावं याचा विचार करत जिना चढताना त्यांना समोरच्या फ्लॅटमधले काका भेटले.

काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. इमारतीत त्यांना वेधशाळा म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. काकांनी ‘आज कोरडं राहील’ म्हटलं की बायका दोरीवरचे कपडे आत घेत. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातातलं पत्रक पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“कारंजं! वारा सुटला की बंद करतात ते, ठाऊक आहे का? नाहीतर अर्धं शहर भिजेल. वाऱ्याचा अभ्यास असलेला माणूस पाहिजे बरोबर. नाहीतर तुम्ही जाल आणि तळ्यात नुसती तोटी बघून याल. वा, मजा आहे तुमची!”

“चला की!” चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि नेमक्या त्याच क्षणी काकूंनी दार उघडलं. आता नवऱ्याला चला म्हणायचं आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघायचंही नाही, हे चष्मेवाल्यांच्या रक्तात नव्हतं. ते तिच्याकडे वळून म्हणाले, “काकू, तुम्हीही चला की!”

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, “इतकं म्हणताय तर...”

दुसऱ्याच दिवशी काकूंनी जाड कोट आणला.

भीड भिकेची बहीण असं म्हणतात. चष्मेवाल्यांची भीड त्यांना भिकेला लावणारी नव्हती, पण घर मोडायला पुरेशी होती. एका बाजूला पुलाला निघालेले ताई-भाऊजी, दुसऱ्या बाजूला कारंज्याला निघालेले काका-काकू, दोघांच्या तारखा एकच, आणि दोघांच्याही बेतात मधोमध चष्मेवाले. आणि स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी प्रवासाच्या पुस्तकातलं पान दुमडून ठेवणाऱ्या मेट्रनबाई, ज्यांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

चष्मेवाले सांगायला जात. बायको पुस्तकातून मान वर करून म्हणे, “बोटीत सकाळी गर्दी नसते म्हणे. आपण सकाळचीच बोट घेऊ.” आणि चष्मेवाले म्हणत, “घेऊ की.” त्यांना स्वतःची लाज वाटे. पंचवीस वर्षांत त्यांनी तिला इतकं हलकं होऊन बोलताना पाहिलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाला टाचणी लावायचं काम त्यांच्याच्यानं होईना.

मधल्या काळात त्यांनी नाही म्हणायचे दोन प्रयत्न केले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एकदा दुकान लवकर बंद करून ते वखारीत गेले. भाऊजींनी त्यांना फळ्यांच्या ढिगावर बसवलं, चहा मागवला आणि एक बेत सांगितला. पुलाचं लाकूड नेमकं कुठलं हे ओळखायला ते नखानं थोडं ओरखडावं लागणार. “मी पहाऱ्यावर लक्ष ठेवतो, तू ओरखड,” भाऊजी म्हणाले. नाही म्हणायला गेलेले चष्मेवाले परदेशातला पूल ओरखडायचं कबूल करून परत आले. दुसऱ्या खेपेला ते काकांकडे गेले, ते आठही दिवस खिडकीबाहेर थर्मामीटर धरून उभं राहायचं कबूल करून आले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. चष्मेवाले ताकाला जाऊन भांडंच देऊन येत होते.

आणि मग व्हिसाचा दिवस उजाडला.

व्हिसाच्या कचेरीत एक मोठी गार खोली होती, ओळीनं खुर्च्या होत्या, आणि सगळेजण आपापल्या कागदांना छातीशी धरून बसले होते. मेट्रनबाईंनी निळी साडी नेसली होती. दारातून आत पाऊल टाकलं तोच कोपऱ्यातून हाक आली.

“वहिनी! इकडे या, इकडे! जागा धरून ठेवलीय!”

ताई हात हलवत होती. शेजारच्या दोन खुर्च्यांवर तिनं पर्स आणि पाण्याची बाटली ठेवली होती. भाऊजी खुर्चीचा हात टिचकी मारून तपासत होते.

“तुम्ही इथे कशा?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“म्हणजे काय! तुमच्याबरोबरच येतोय की पुलाला! यानं सांगितलं नाही?” ताई म्हणाली. “खास ओळख काढून तुमच्या पाठचीच वेळ मिळवली.”

मेट्रनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि काका-काकू आत आले. काकूंच्या हातावर जाड कोट होता.

“अरे वा, सगळे वेळेवर!” काका म्हणाले. “वारा पडलाय आज. कारंज्याला अनुकूल.”

“कारंज्याला कशाला?” भाऊजी म्हणाले. “हे पुलाला येतायत. आमच्याबरोबर.”

“छे! हे कारंज्याला येतायत. आमच्याबरोबर.”

चार माणसांनी एकाच वेळी चष्मेवाल्यांकडे वळून पाहिलं. त्यांना त्या क्षणी आपल्याच दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. इतक्यात भिंतीवरच्या पाटीवर त्यांचा नंबर लागला, आणि त्या नंबराचे त्यांनी मनोमन आभार मानले. ते आभार फुकट गेले हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं.

खिडकीपलीकडे एक कारकून बसला होता. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आलेला, डावीकडे कललेला. त्यानं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“राहणार कुठे?”

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मागे खांद्यापाशी ताईचा आवाज आला, “पूल सांग, पूल!” दुसऱ्या खांद्यापाशी काका म्हणाले, “कारंजं!”

“साहेब,” कारकून म्हणाला, “एका माणसाला एका रात्री एकच पत्ता लागतो. आमचा नियम आहे.”

“घरचा लिहा,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“काय?”

“माझा पत्ता. घरचाच लिहा. मी जात नाहीये.”

आवाज तोच, इंजेक्शनचा. त्या वळल्या आणि दाराकडे चालू लागल्या. चष्मेवाल्यांचं डोकं चालेनासं झालं. डोकं चालेनासं झालं की माणसाचे हात नेहमीच्या कामाला लागतात. त्यांचे हात खिडकीच्या फटीतून पलीकडे गेले आणि त्यांनी कारकुनाचा चष्मा नाकावरून उचलला, काडी किंचित वाकवली आणि पुन्हा बसवला. “डोकं सरळ ठेवा,” ते सवयीनं म्हणाले. “आता बरं की मघाशी बरं?”

पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. कारकून मागून ओरडला, “शुक्रवारपर्यंत एक शहर ठरवून या! आणि हात घरी ठेवून या!” सगळी खोली वळून बघत होती. चष्मेवाल्यांना आयुष्यात कुणी दंडाला धरलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. पण खरं सांगायचं तर दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. रस्त्याच्या टोकाला निळी साडी कोपऱ्यावरून वळताना दिसली, त्याचं वाटलं.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मेट्रनबाईंनी चहा केला, नवऱ्याचा कप त्याच्यापुढे ठेवला. प्रवासाचं पुस्तक कपाटावर, टोप्यांच्या डब्याच्या मागे गेलं.

“अगं, मी नुसतं रीतीनं म्हणालो होतो...”

“माहीत आहे.”

“मी सांगणार होतो.”

“तेही माहीत आहे.” त्यांनी कप विसळला. “मी रागावलेली नाही. दमलेय. सारखं कुणीतरी असतं हो. तिकडे पलंगाभोवती, इकडे टेबलाभोवती. मला वाटलं होतं, एकदा बघावं, कुणी नसलं की आपण दोघं एकमेकांशी काय बोलतो. नाही जमत तर राहिलं. गुरुवारी संध्याकाळी ड्यूटीला गेले की रजा रद्द करून टाकते. रजेच्या कारकूनबाई तेव्हा असतात.”

त्या दिवसांत चष्मेवाल्यांच्या दुकानात कुणाचाही नंबर धड लागला नाही. ते आरशापुढे उभे राहून ‘नाही’ म्हणायचा सराव करत. पहिला ‘नाही’ प्रश्नासारखा निघे, दुसरा माफीसारखा. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “ही चौकट मला शोभेल का?” आणि चष्मेवाले म्हणाले, “नाही.” गिऱ्हाईक उठून गेलं. पण चष्मेवाल्यांना जरा धीर आला.

गुरुवारी संध्याकाळी दोन्ही पक्ष न बोलावता त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमले. एकदाचा निकाल लावायला. ताई आणि काकू सोफ्यावर, भाऊजी आणि काका समोरासमोर खुर्च्यांवर, आणि वाद अगोदरच रंगात आलेला.

“पाणी वर उडवायचं यात काय आहे? पाणी खालीच येणार!”

“आणि पूल म्हणजे काय? या काठावरून त्या काठावर. परत येताना तोच पूल!”

“जळूनही उभा आहे तो!”

“जळला म्हणजे हवा कोरडी. कोरड्या हवेत तुमचं लाकूडच उलेल!”

आतल्या खोलीत मेट्रनबाई ड्यूटीचा पांढरा पोशाख चढवत होत्या. कपाटाचं दार वाजलं. पट्ट्याचा आवाज आला. तो आवाज चष्मेवाल्यांना रोज ऐकू येत असे, पण आज त्यांना कळलं की पट्टा बांधून झाला की ती बाहेर येणार, चपला घालणार, आणि ते पुस्तक कपाटावरून पुन्हा कधीही खाली येणार नाही. त्यांच्या छातीत असं काही दाटून आलं की भिडेला तिथे जागाच उरली नाही.

“आम्ही दोघंच जाणार,” ते म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. काका वाऱ्याची दिशा दाखवत होते.

चष्मेवाले उठून उभे राहिले. “ऐका! आम्ही दोघंच जाणार! मी आणि ही! ताई, तुम्ही नाही यायचं. काका, तुम्हीही नाही. चला म्हणालो ते चुकलं माझं. पण नाही यायचं!”

काकांचा हात पूर्वेकडे तसाच राहिला. आपण बहिणीचं मन मोडलं, शेजार तोडला, आता जिन्यात मान खाली घालून चढायचं, असं सगळं चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग ताईनं इतका मोठा सुस्कारा टाकला की डोळे उघडावे लागले.

“सुटले बाई!” ताई म्हणाली. “अरे, मग आधी नाही का सांगायचं? तुझ्या भाऊजींची झोप उडालीय. विमानाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो. ज्याच्याखाली जमीन नाही त्यात बसायचं नाही म्हणतात.”

“मग येतो का म्हणालात?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“येतो नाही तर काय म्हणू?” भाऊजी उसळले. “पहिल्यांदा चला म्हणालास तेव्हा मी कसं नाही म्हणावं याचा विचारच करत होतो. तर तू लगेच दुसऱ्यांदा म्हणालास! दोनदा म्हटल्यावर माणसानं करायचं काय?”

चष्मेवाले काकांकडे वळले. काका खाली बघत होते. “माझे गुडघे,” ते म्हणाले. “बर्फाचं चित्र बघितलं तरी धरतात. पण तुम्ही हिला वेगळं बोलावलंत. मला वाटलं, हिला जायचंय.”

“मला?” काकू म्हणाल्या. “मला वाटलं तुम्हाला जायचंय! मी तर देवाला विनवत होते की व्हिसा मिळू नये.”

मग भाऊजींना हसू फुटलं, आणि त्यांच्यामागून सगळ्यांना. चष्मेवाल्यांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना खालीच बसावं लागलं. भिडेपोटी चार माणसं आपापले गुडघे, घाम आणि झोप घेऊन निम्मं जग ओलांडायला निघाली होती, आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. ताईनं तिथल्या तिथे फोन काढून पुलाजवळच्या खोल्या रद्द केल्या. काकांनी कारंज्याजवळचं घर रद्द केलं, आणि ते करताना त्यांचा चेहरा असा उजळला की इमारतीनं तो हवामान खात्याच्या निरोप समारंभानंतर पाहिला नव्हता. जाताना काकूंनी जाड कोट खुर्चीवर ठेवला. “मेट्रनबाईंना होईल तो. माझ्या मापानं घेतला होता मी, पण मन त्यात कधी गेलंच नाही.” भाऊजींनी जिन्यावरून वळून एवढंच सांगितलं, “पूल बघितलास तर ओरखडू मात्र नकोस.”

दार लागलं. चष्मेवाले मागे वळले तेव्हा मेट्रनबाई आतल्या दारात उभ्या होत्या. पांढरा पोशाख, पट्टा, केसांत पिना. किती वेळ उभ्या होत्या ते कळायला मार्ग नव्हता.

“गेले सगळे,” चष्मेवाले म्हणाले.

“हं.”

“शहर अजून ठरलं नाही.” त्यांना एकदम सुचलं, आणि सुचल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर सल्लागारांपासून गाडीच्या मास्तरांपर्यंत त्यांनी सगळ्या गावाला विचारलं होतं. “तुला कुठलं गं हवं होतं?”

“पूल,” मेट्रनबाई लगेच म्हणाल्या. “कारंजं वाऱ्याच्या मर्जीवर चालू नि बंद. माझी सगळी नोकरी तशीच गेलीय, बोलावलं की उठायचं. पूल आपला जागेवर असतो. आपण कधी जायचं ते आपण ठरवायचं.”

“मग पूल,” चष्मेवाले म्हणाले. सगळं मिळून इतकाच वेळ लागला.

मेट्रनबाई तरीही दारातच उभ्या राहिल्या. “मघाशी काय म्हणालात?”

“कधी?”

“त्या सगळ्यांपुढे. मी आत होते. नीट ऐकू आलं नाही.”

आतल्या खोलीच्या दाराला पडदासुद्धा नव्हता, आणि वॉर्डाच्या टोकाला सलाइनची बाटली संपलेली मेट्रनबाईंना या टोकाला कळत असे. पण चष्मेवाल्यांनी तसं काही बोलून दाखवलं नाही. “आम्ही दोघंच जाणार,” ते म्हणाले.

“अंहं. अजून नीट नाही ऐकू आलं.”

मेट्रनबाईंचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला होता. त्या तो सोडत होत्या. चष्मेवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पंचवीस वर्षांत घेतला नव्हता एवढा मोठा आवाज काढून म्हणाले, “आम्ही दोघंच जाणार!”

“कळलं हो, कळलं!” समोरच्या फ्लॅटमधून काका ओरडले. “नाही येत आम्ही!”